दुसरी गाडी यायची आहे

फाटकवाला झेंड्या गुंडाळून ठेवत होता, तेवढ्यात जोडीदार केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. साडेबारा वाजले होते. जोडीदाराची ड्यूटी दोनला सुरू व्हायची, आणि पाच मिनिटं लवकर आला तरी तो आठवडाभर त्याचे उपकार ऐकवायचा. आज त्याच्या हातात डबा नव्हता आणि पायात घरातल्या चपला होत्या.

"तू नीघ. मी बसतो," जोडीदार म्हणाला.

फाटकवाल्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, काय रे, बायकोने घराबाहेर काढलं का? जोडीदार हसला नाही. तुझ्या घरी वहिनींना बरं वाटत नव्हतं, फाटकापलीकडच्या दवाखान्यात नेलंय, गल्लीतल्या भोंग्याच्या रिक्षातून नेलंय, असं त्याने तुकड्यातुकड्याने सांगितलं आणि उगाचच पाण्याची बाटली उचलून परत खाली ठेवली.

फाटकवाला दारापर्यंत गेला आणि मागे फिरला. चार्ज दिल्याशिवाय केबिन सोडायची नाही, हा नियम होता. त्याने नोंदवही उघडली आणि एकेक वस्तू उचलून दाखवायला सुरुवात केली. लाल झेंड्या दोन, हिरवी एक. हातदिवे दोन. रुळावर लावायचे धोक्याचे फटाके दहा. फाटकाची कुलुपं दोन, किल्ल्या दोन. फोन उचलून त्याने स्टेशन मास्तरचा आवाज येतोय का तेही बघितलं. जोडीदार नुसता मान हलवत होता. राहू दे रे, असं तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही. सगळं मिळून पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांनी आता काही बिघडणार नाही, हे जोडीदाराला माहीत होतं. फाटकवाल्याला नव्हतं.

बाहेर पडल्यावर त्याने मोबाईल चालू केला. ड्यूटीवर तो बंद करून खणात ठेवावा लागायचा. अकरा वाजून दोन मिनिटांनी बायकोचा फोन येऊन गेला होता. अकरा वाजून तीन मिनिटांनी आणखी एकदा.

दवाखान्याच्या आवारात भोंग्या आपल्या रिक्षाच्या मागच्या चाकाला टेकून जमिनीवर बसला होता. त्याने वर बघितलं आणि परत खाली बघितलं. तेवढ्यावरून फाटकवाल्याला कळलं. तरी तो आत गेला, खिडकीवर नाव सांगितलं, दाखवलेल्या बाकावर बसला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सकाळपासून उभ्या असाव्यात. हृदयाचा झटका होता, म्हणाल्या. आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती.

"दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी त्याच्या गणवेशाकडे बघितलं, खिशावरच्या रेल्वेच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि तिथेच थांबल्या. रस्त्यात कुठे अडकले होते, हे भोंग्याने त्यांना आधीच सांगितलं असणार.

अकरा एकोणीस ते अकरा तेहतीस. नोंदवहीत ते आकडे त्याच्याच अक्षरात होते.

भोंग्याचं खरं नाव निम्म्या गल्लीला ठाऊक नव्हतं. त्याच्या रिक्षाला ट्रकला शोभेल असा हॉर्न होता आणि तो वाजवल्याशिवाय त्याचं पाऊल पुढे पडत नसे. फाटक बंद दिसलं की रांगेच्या शेपटीला असला तरी तो तीन वेळा भोंगा वाजवायचा, आणि फाटकवाला न बघताच केबिनच्या पायरीवरून पंजा दाखवायचा. थांब. हा त्यांचा रोजचा रामराम होता. बावीस वर्षांत फाटकवाल्याने लोकांचं काय काय ऐकून घेतलं होतं. फाटक तुझ्या सासऱ्याचं आहे का, इथपासून ते आमचे खाडे तुझ्या पगारातून कापायला सांग, इथपर्यंत. तो सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा: घाई होती तर काल निघायचं होतं. लोक हसायचे आणि दांड्याखालून वाकून जायचे. तो शिट्टी वाजवायचा, ओरडायचा, कोणाची कॉलर हाताला लागली तर धरायचाही. एक गाडी गेली की लोकांना वाटतं संपलं. रूळ दोन आहेत, पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून जातो, हे त्याने किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. त्याच्या आधीच्या फाटकवाल्याच्या काळात या जागी चार माणसं गेली होती. त्याच्या काळात एकही नाही. हे तो कोणाला बोलून दाखवत नसे. बायकोला मात्र माहीत होतं.

ती कधी दांड्याखालून गेली नाही. बाजाराची पिशवी घेऊन सगळ्यांबरोबर उभी राहायची. शेजारणी चिडवायच्या, तुमच्याच माणसाचं फाटक आहे, जा की खालून. ती म्हणायची, माझ्याच माणसाचं आहे म्हणून थांबते, तुमच्या माणसाचं असतं तर कधीच गेले असते.

त्या दिवशी फाटक बंद करून त्याने कुलूप लावलं आणि मास्तरला फोन केला. फाटक बंद झाल्याचा खुणेचा आकडा फाटकवाल्याने फोनवर द्यायचा आणि तो मिळाला की मास्तरने सिग्नल द्यायचा, अशी रीत होती. मालगाडी येत होती. रांगेत पुढे विटांचा ट्रक होता आणि ट्रकच्या मागे रिक्षाचं नुसतं टप दिसत होतं. भोंगा वाजला. तीन वेळा, मग आणखी, मग न थांबता. त्याने पंजा दाखवला. मालगाडी तिच्या चालीने गेली. फोन वाजला, मास्तर म्हणाला की उघडू नको, पॅसेंजर फलाटावर उभी आहे, ती पण काढून घेतो. त्याने हो म्हटलं आणि हिरवी झेंडी हातात तशीच धरून तो पायरीवर उभा राहिला. मधल्या वेळात भोंगा पुन्हा दोनदा वाजला आणि एकदम बंद झाला. फाटकवाल्याच्या मनात आलं, चला, आज भोंग्याला अक्कल आली. पॅसेंजर गेली, त्याने हँडल फिरवून दांडे वर घेतले. ट्रकला बाजूने घासत रिक्षा सुसाट निघून गेली. तिच्या मागे तो ओरडलाही, हळू!

लेक दुसऱ्या गावी नांदत होती. ती संध्याकाळपर्यंत पोचली, बारा-तेरा दिवस राहिली, आईच्या साड्यांच्या घड्या घालून कपाट बंद केलं आणि गेली. त्या दिवसांत ती बापाशी चांगलीच वागली. फाटक बंद होतं म्हणून उशीर झाला, एवढं तिला माहीत होतं आणि त्याबद्दल ती बोलली नाही. फाटक बंद असतं कधीकधी. जाताना तिने गोळ्यांच्या डब्या सकाळ, दुपार, रात्र अशा लावून ठेवल्या आणि रोज संध्याकाळी आठला फोन करायला लागली. जेवलात का, गोळी घेतली का, पाणी भरलंत का. तीन प्रश्न, तीन उत्तरं. फाटकवाला आठ वाजायच्या आधीच फोन मांडीवर घेऊन बसायचा.

महिनाभराने सुरक्षा विभागाचे साहेब केबिनवर आले. बोलायला मऊ माणूस होता. खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं की अख्ख्या विभागात तुमचं नाव निघतंय. मग फोटो मागितला. फाटकवाल्याला वाटलं, सेवापुस्तकात लावायचा असेल. त्याने पाकिटातला दिला.

पुढच्या आठवड्यात चार माणसं आली, फाटकाच्या दोन्ही बाजूंना खड्डे खणले आणि दोन बोर्ड उभे केले. बोर्डावर त्याचा फोटो होता, दारापेक्षा मोठा. खाली लिहिलं होतं: या कर्मचाऱ्याने स्वतःच्या पत्नीसाठीही बंद फाटक उघडले नाही. तुमची घाई त्याहून मोठी आहे का?

त्याने तो दोनदा वाचला. खड्ड्यात माती लोटणाऱ्या माणसाला तो म्हणाला की हे असं नाही झालेलं, मला माहीतच नव्हतं ती रिक्षात आहे. तो माणूस म्हणाला, काका, आम्ही फक्त खांब रोवतो.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन सकाळी आला. तिला कोणीतरी बोर्डाचा फोटो पाठवला होता.

"बाबा, हे खरं आहे?"

त्याने सगळं सांगितलं. विटांचा ट्रक, टप, भोंग्याची रोजची सवय, आपला पंजा. तिने मध्ये तोंड घातलं नाही. ती शाळेत होती तेव्हाही अशीच ऐकायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची.

"म्हणजे बोर्ड खोटा आहे."

"फाटक उघडलं नाही, एवढं खरं आहे."

"आणि कळलं असतं तर?"

फाटकवाल्याने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. खिडकीतून पलीकडच्या घरातली बाई दोरीवर चादर टाकताना दिसत होती. चादर सरळ होईपर्यंत तो बघत राहिला.

"मी भांडत नाहीये," लेक म्हणाली. "पण मला ते माहीत हवं. गाव म्हणतंय तुम्ही उघडलं नाहीत, तुम्ही म्हणता तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर काय केलं असतंत, एवढंच सांगा. आत्ता नको. नीट सांगता येईल तेव्हा फोन करा. तोवर मला नाही जमायचं, जेवलात का विचारायला."

संध्याकाळी आठला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तो साहेबांच्या कार्यालयात गेला. अर्ज लिहून नेला होता: बोर्डावरचा मजकूर बरोबर नाही, तरी बोर्ड काढावा. साहेबांनी अर्ज वाचला, चहा मागवला आणि ड्रॉवरमधून एक कागद काढला. बोर्ड लागायच्या आधीपासून फाटकाखालून जाणाऱ्यांची त्यांनी माणूस बसवून मोजणी केली होती. आधी दिवसाला चाळीस-पन्नास जण जायचे. आता दोन, तीन. एका दिवशी कोणीच नाही.

"तुम्ही बावीस वर्षं ओरडलात," साहेब म्हणाले. "ऐकलं कोणी?"

फाटकवाला म्हणाला, नाही ऐकलं. मग तो म्हणाला की पण साहेब, मला माहीत नव्हतं. साहेब म्हणाले की बोर्डावर तुम्हाला माहीत होतं असं कुठे लिहिलंय? तुम्ही उघडलं नाहीत, एवढंच लिहिलंय. ते खोटं आहे का? त्यांच्या बोलण्यात चतुराई नव्हती, ते खरोखरच विचारत होते. अर्ज त्यांनी ठेवून घेतला. वर पाठवतो, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर त्याने फाटक बंद केलं. मालगाडी गेली, पॅसेंजर यायची होती. एक तरणाबांड गडी सायकल आडवी करून दांड्याखाली शिरला. अर्धा आत, अर्धा बाहेर. फाटकवाल्याने शिट्टी तोंडाला लावली, पण त्याच्या आधी रांगेतली भाजीवाली त्या गड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, अरे मेल्या, समोर कोणाचा फोटो आहे बघ, त्याने बायकोसाठी नाही उघडलं आणि तू कोण लागून गेलास? गडी ओशाळला. सायकल मागे ओढताना तिचं पायडल दांड्यात अडकलं, ते सोडवेपर्यंत पॅसेंजर त्याच्या समोरून गेली. मालगाडीची धूळ खाली बसली नव्हती, त्या धुळीतून आली. दांडे वर गेले तरी गडी सायकल धरून तिथेच उभा होता, मागचे हॉर्न वाजवत होते. शेवटी भाजीवालीनेच त्याला हाताला धरून पलीकडे नेलं.

त्यानंतर फाटकवाल्याने अर्जाचं काय झालं ते विचारलं नाही.

राहिला भोंग्या. त्या दिवसाचं खरं सांगू शकेल असा तो एकटाच होता. फाटकवाल्याच्या मनात होतं की भोंग्याने लेकीला फोन करून एवढंच सांगावं: तुझ्या बाबांना कळलं नव्हतं, मी ट्रकच्या मागे होतो. परक्याच्या तोंडून ऐकलं की तिला पटेल, मग पुढचा प्रश्न ती विचारणार नाही. पण भोंग्या आता या रस्त्याला फिरकत नव्हता. लांबच्या पुलावरून वळसा घालून जायचा. गिऱ्हाइकं कुरकुरायची, जास्तीचे पैसे आम्ही देणार नाही म्हणायची, तर तो म्हणायचा नका देऊ.

सुट्टीच्या दिवशी फाटकवाला चालत पुलाजवळच्या रिक्षा स्टँडवर गेला. भोंग्या सीट पुसत होता. काका, बसा, म्हणून त्याने मागची जागा दाखवली. फाटकवाल्याने त्या जागेकडे बघितलं आणि मी उभाच बरा म्हणाला. भोंग्याच्या लक्षात आलं. तोही फडकं ठेवून बाहेर येऊन उभा राहिला. मग दोघे कठड्याला टेकले आणि फाटकवाल्याने काय हवं ते सांगितलं.

भोंग्याने हाताची बोटं मोडली.

"काका, मी उतरलो होतो," तो म्हणाला. "मालगाडी गेल्यावर. एक पाय खाली टेकला होता माझा. म्हटलं, पळत जातो आणि तुम्हाला सांगतो. काकूंनी मागून माझा शर्ट धरला."

फाटकवाल्याने हात कठड्यावर टेकवला.

"म्हणाल्या, नको सांगूस. सांगितलंस तर ते उघडतील."

"असं म्हणाली?"

"असंच. मी म्हटलं, काकू, गाडी तर गेली. तर म्हणाल्या, एकच गेली. त्यांच्या हातात झेंडी आहे अजून, दुसरी यायची आहे. ट्रकच्या बाजूने काकूंना तुमचा हात दिसत होता. आणि भोंगा वाजवू नकोस म्हणाल्या, त्यांचं लक्ष जातं. शर्ट सोडलाच नाही त्यांनी, दांडे वर जाईपर्यंत."

पुलावरून पाण्याचा टँकर गेला. भोंग्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं.

"हे ताईला कसं सांगू? ती म्हणेल, आई सांगत होती म्हणून तू गप्प बसलास? मी रोज तेच म्हणतो स्वतःला. झटका देऊन सुटायला हवं होतं. एवढीशी तर ताकद होती त्यांच्या हातात." मग त्याने पहिल्यांदा फाटकवाल्याच्या तोंडाकडे बघितलं. "काका, मी येऊन सांगितलं असतं तर तुम्ही उघडलं असतं?"

"नाही," फाटकवाला म्हणाला.

"खरंच?"

"दुसरी गाडी यायची होती. पॅसेंजरमध्ये माणसं असतात. नसतं उघडलं."

इतके दिवस अंगावर वागवलेलं पोतं खाली टाकावं तसे भोंग्याचे खांदे उतरले.

"म्हणजे मी सांगून काही झालं नसतं."

फाटकवाल्याने कठड्यावरचा हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला.

"काही झालं नसतं," तो म्हणाला. "जा तू. गिऱ्हाईक आलंय."

घरी येताना तो चालत आला. भोंग्याला जे सांगितलं त्यात अर्धंच खरं होतं. फाटक त्याने उघडलं नसतं. त्याने फोन उचलला असता.

बावीस वर्षांत त्याने हे तीनदा केलं होतं. एकदा अडलेली बाळंतीण होती, एकदा गच्चीवरून पडलेला रंगारी, एकदा आग विझवायला निघालेला बंब. दर वेळी तो मास्तरला म्हणाला होता, गाडी सोडली नसशील तर पाच मिनिटं धर, इथे माणूस अडलाय. मास्तर शिव्या घालायचा, वरच्यांना काय सांगू म्हणायचा, आणि गाडी फलाटावर धरायचा. फाटक रीतसर उघडायचं, रीतसर बंद व्हायचं. कोणाच्या जिवाला धोका नाही, कुठला नियम मोडला नाही. तिन्ही वेळा त्याने घरी जाऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसला. गाडी उशिरा सोडायला लावली, यात घरी सांगण्यासारखं काय होतं? बायकोने बावीस वर्षं त्याच्या हातातली झेंडी बघितली होती. झेंडी हातात आहे म्हणजे दुसरी येणार, हे ती गल्लीतल्या बायकांनाही शिकवायची. केबिनमधल्या फोनवर काय काय बोलता येतं, हे तिला कधी कळलं नाही. तिला वाटलं, नवऱ्याजवळ एक हँडल आहे, आणि तिच्यासाठी तो ते फिरवेल.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर त्याने नोंदवहीचं ते पान काढलं. मालगाडी अकरा चोवीस. पॅसेंजर अकरा बत्तीस. स्टेशनपासून फाटकापर्यंत पॅसेंजरला तीन मिनिटं लागतात. म्हणजे ती फलाटावरून अकरा एकोणतीसला सुटली. चोवीस ते एकोणतीस, पाच मिनिटं ती नुसती उभी होती आणि भोंग्याचा एक पाय खाली टेकला होता. त्याने हिशेब पुन्हा केला, बोटांवर मोजून केला. तेवढंच आलं. मग मास्तरचा फोन आला, त्याने पान मिटलं आणि फाटक बंद करायला गेला.

आता तो फाटक लावलं की आधी रांगेतून फिरून येतो. ट्रकच्या मागे, बसच्या आड, प्रत्येक रिक्षाच्या टपाखाली वाकून बघतो. लोकांना वाटतं, बोर्डावरचा माणूस दर्शन द्यायला आला. काही जण नमस्कार करतात. एकाने लहान मुलीला पुढे करून सांगितलं, हेच ते, बघ. तो मान हलवतो आणि गाडी यायच्या आत पायरीवर जाऊन उभा राहतो.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्याजवळ आहे. उघडलं नसतं, फोन केला असता, गाडी थांबली असती. तीन वाक्यं आहेत. पण ती ऐकून घेईल आणि शेवटी एकच प्रश्न विचारेल: मग तुम्हाला कोणी सांगितलं का नाही? तिथे भोंग्याचं नाव घ्यावं लागेल, आणि त्याच्या पाठोपाठ शर्ट धरणाऱ्या हाताचं. फक्त नसतं उघडलं, एवढंच म्हणावं, तर ती बोर्ड खरा मानून बसेल. उघडलं असतं म्हणावं, तर तिला बरं वाटेल आणि ते खोटं असेल. आईलाही तसंच वाटलं होतं.

रोज आठला तो फोन मांडीवर घेऊन बसतो. नंबर लावतो, वाजायच्या आत बंद करतो. जेवण झालेलं असतं, गोळी घेतलेली असते, पाणी भरलेलं असतं.

बोर्ड आहेत तिथे आहेत. लेकीला फोन करायचा राहिला आहे.